रंग वाटेत लागतो

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव असतो: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, नंतर ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात आणि काही मिनिटं मूर्तीवर तांबूस सोनेरी उजेड राहतो. त्या रंगाची डबी कुठे उघडलेली नसते. सूर्य क्षितिजापासून जेमतेम २ अंश वर असताना त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे २० पट हवा पार करावी लागते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. एवढ्या लांबच्या वाटेत निळा गळून जातो आणि उरलेला देवीच्या पायाशी येतो. म्हणजे रंग दगडाला लागलेला नाही, प्रकाशाला वाटेत लागलाय.

गेल्या ५०-६० वर्षांत जगभरच्या काही कलावंतांनी कुंचला खाली ठेवला आणि ही वाटच हातात घेतली. प्रकाश कुठून सोडायचा, कोणत्या कडेवरून न्यायचा, कशातून पार करायचा आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला आधी कशाची सवय लावायची, एवढंच ते ठरवतात. त्यांच्या कामाचे फोटो पाहून हे सगळं अवाढव्य खर्चाचं वाटतं. काही कामं तशी आहेतही. पण त्यामागचं विज्ञान शाळेच्या पुस्तकातलं आहे आणि त्याची लहान रूपं कोल्हापुरात सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड), फवारणीचा पंप, सेलोटेप एवढ्या सामानावर होतात. चुका मात्र ठरावीक जागी होतात, म्हणून त्या जागा इथे सविस्तर.

अंश सांभाळायचा तो कुठे

आधी किरणोत्सवाचं गणित. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. १० नोव्हेंबर त्याच्या ४१ दिवस आधी येतो, ३१ जानेवारी ४१ दिवस नंतर. म्हणून दोन्ही वेळी सूर्य जवळपास त्याच जागी मावळतो. कोल्हापूरच्या १६.७ अंश अक्षांशावरून हिशेब केला तर ती जागा नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे येते. या दिवसांत मावळतीची जागा रोज साधारण ०.३ अंशाने सरकते. कोन किरकोळ वाटतो, पण १०० मीटर आत त्याचा अर्थ अर्धा मीटर. वाटेतल्या एखाद्या इमारतीचा कठडा, केबलींचा जुडगा किंवा क्षितिजावरचा ढग हा सोहळा बिघडवू शकतो, त्याचं कारण हेच. हवेतलं बाष्प आणि धूळ वाढली तर किरण पोचतात, पण फिके.

दुसरी अडचण सूर्याच्या आकाराची. सूर्य बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त रुंद दिसतो. त्यामुळे १०० मीटरवरच्या कडेची सावली धारदार पडूच शकत नाही, ती ९० सेंटिमीटरपेक्षा रुंद पट्ट्यात विरते. आणि सूर्य खाली जातो तसा किरण आडवा होत जातो, म्हणून एकाच संध्याकाळीही उजेड खालून वर चढताना दिसतो.

अमेरिकेतल्या नॅन्सी होल्ट यांनी उटाच्या वाळवंटात १९७६ साली पूर्ण केलेलं ‘सन टनेल्स’ हे काम याच जातीचं. काँक्रीटच्या चार नळ्या, प्रत्येकी १८ फूट लांब, ९ फूट व्यासाच्या, फुलीच्या आकारात मांडलेल्या. दोन्ही अयनदिनांना, म्हणजे सूर्य सगळ्यात उत्तरेला आणि सगळ्यात दक्षिणेला असतो त्या दिवसांना, उगवता आणि मावळता सूर्य नळीच्या तोंडात बरोबर बसतो. नळ्यांना भोकंही पाडली आहेत, काही तारकासमूहांच्या आकारात. दिवसा त्या भोकांतून येणारे उजेडाचे ठिपके आत फिरतात. अयनदिनांची निवड मोठी शहाणपणाची आहे. त्या सुमारास सूर्याची जागा कित्येक दिवस जवळपास हलतच नाही, ढगांनी एक दिवस खाल्ला तरी दुसरा हाताशी असतो. नोव्हेंबरमधल्या किरणोत्सवाला ही सवड नाही.

आपल्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून एखाद्या ठरावीक दिवशी ठरावीक भिंतीवर उजेड पाडायचा असेल तर मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नये. खिडकीच्या लोखंडी गजापाशी ते सहज ५ अंशांनी चुकतं, आणि वर पाहिलं तसं एक अंश म्हणजे तीन दिवसांचा फरक. सूर्यालाच पट्टी म्हणून वापरावं. ठरलेल्या तारखेच्या आसपास चार-पाच संध्याकाळी, सूर्यास्ताआधी २० मिनिटांपासून दर ५ मिनिटांनी, भिंतीवरच्या उजेडाच्या कडा पेन्सिलीने आखाव्यात आणि शेजारी वेळ लिहावी. या काळात सूर्य साधारण साडेचार मिनिटांत १ अंश खाली जातो. झरोका कापायचा तो या रेघांवरून.

आकाश छतावर आणायचं तर

अमेरिकी कलावंत जेम्स टरेल (जन्म १९४३) शिकले मुळात संवेदनांचं मानसशास्त्र, आणि ते त्यांच्या प्रत्येक कामात दिसतं. त्यांच्या ‘स्कायस्पेस’ या प्रकारात खोलीच्या छताला एक भोक असतं, बास. त्यातून आकाश दिसतं, पण ते वर, लांब असल्यासारखं दिसत नाही. छतालाच निळा कागद ताणून बसवल्यासारखं ते सपाट होतं. ॲरिझोनातलं एक विझलेलं ज्वालामुखीचं विवर, रोडेन क्रेटर, ते १९७०च्या दशकापासून याच कामासाठी घडवत आहेत.

युक्ती भोकाच्या कडेत आहे. एरवी खिडकीतून बाहेर बघताना आपल्याला भिंतीची जाडी दिसते, त्यावरून मेंदू ‘ही चौकट, ते पलीकडचं’ असं अंतर बांधतो. कड सुरीच्या पात्यासारखी निमुळती केली की जाडीच दिसत नाही. अंतराचा पुरावा नाहीसा झाला की मेंदू आकाशाला छताच्या पातळीवर आणून ठेवतो.

गच्चीवर करून बघण्यासाठी ५ मिलिमीटर सनबोर्डचं ६० सेंटिमीटरचं खोकं करा, खालची बाजू उघडी. वरच्या बोर्डाच्या मध्यात २० सेंटिमीटरचं गोल भोक. भोकाची कड बाहेरच्या बाजूने तिरकी तासा, म्हणजे आतल्या पृष्ठभागाशी ती शून्य जाडीची होईल. आतून चकाकी नसलेला पांढरा रंग द्या, साधा डिस्टेंपर चालतो. खोक्याच्या खालच्या काठाला आतून एलईडीची पट्टी लावा, उजेड छताच्या आतल्या बाजूवर पडेल पण भोकातून सरळ बाहेर जाणार नाही अशी. पट्टीचे दाणे डोळ्यांना दिसता कामा नयेत, पुठ्ठ्याची झालर सोडा. स्टुलावर बसून डोकं खोक्यात घ्यायचं. शेजारच्या गच्चीवरून हे दृश्य विचित्र दिसतं, त्याला इलाज नाही.

वेळ महत्त्वाची. कोल्हापुरात सूर्यास्तानंतर २२-२३ मिनिटांत सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जातो. युरोपातल्या लांबलचक संधिप्रकाशाची चैन आपल्याकडे नाही, त्यामुळे सूर्यास्ताआधी १० मिनिटं बसून घ्यावं. आतला उजेड पिवळसर ठेवला की आकाश गडद निळं होत जातं. तोच निळा केला की तेच आकाश राखाडी, मग पिवळट वाटायला लागतं. बाहेर काहीच बदललेलं नसतं, डोळा आतल्या उजेडाला ‘पांढरा’ समजून त्याच्या तुलनेत आकाश मोजतो. भोकाभोवती बारीक पांढरी रेघ दिसली तर कड पुरेशी तासली गेलेली नाही, तिच्या जाडीवर उजेड अडतोय. आणि आतला उजेड आकाशापेक्षा फार जास्त झाला तर भोक नुसतं काळं दिसतं. दोन्हींची तीव्रता जवळपास जुळते त्या सात-आठ मिनिटांतच खरी गंमत असते.

एकच रंग उरला की

कलावंत ओलाफर एलियासन यांनी २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या भल्यामोठ्या टर्बाइन हॉलमध्ये कृत्रिम सूर्य टांगला होता. अर्धवर्तुळात मांडलेले, एकाच तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देणारे शेकडो दिवे, छताला आरसे, आणि हवेत हलकं धुकं. आरशात अर्ध्याचं पूर्ण बिंब होत होतं. लोक जमिनीवर आडवे पडून छतातलं आपलं प्रतिबिंब शोधत बसायचे. त्याआधी १९९७मध्ये त्यांनी एका रंगाची खोली केली होती, ती विज्ञानाच्या दृष्टीने जास्त निर्मळ आहे. त्या उजेडात रंग नावाची गोष्टच उरत नाही. निळा शर्ट काळा, हिरवा करडा, तांबडं फूल मळकट. वस्तू परतवू शकते ते फक्त तिच्यावर पडलेल्यातून, आणि इथे पडतंय एकच.

सोडियमचा हा पिवळा ५८९ नॅनोमीटरचा असतो. आपल्या रस्त्यांवर एलईडीच्या आधी जे पिवळे दिवे असायचे ते हे नव्हेत. ते उच्च दाबाचे सोडियम दिवे, त्यांचा प्रकाश पसरट असतो, त्यात थोडेफार रंग ओळखू येतात. समईची ज्योतही पिवळी, पण तो तापलेल्या काजळीच्या कणांचा उजेड, त्यात सगळे रंग असतात. घरी खरा सोडियम प्रकाश हवा असेल तर मिठाचं दाट पाणी करून त्यात कापसाचा बोळा भिजवा, लांब तारेला गुंडाळा आणि खोलीत अंधार करून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. शेजारी रंगीत खडूंचा डबा उघडून ठेवा. बोळा सुकला की जळायला लागतो आणि त्याचाच पिवळा उजेड मिसळतो, तेव्हा १०-१५ सेकंदांत बाहेर काढून पुन्हा भिजवावा.

दिवा खरोखर एकरंगी आहे का, हे तपासायला जुनी सीडी पुरते. तिच्यावरचे खाचांचे फेरे १.६ मायक्रोमीटर अंतराने असतात आणि ते प्रकाश फोडतात. समईचं प्रतिबिंब तिरप्या सीडीत पाहिलं तर इंद्रधनुष्याची सलग पट्टी दिसते, मिठाच्या ज्योतीचं पाहिलं तर पिवळीच खूण. पांढऱ्या एलईडीच्या पट्टीत निळ्या आणि हिरव्याच्या मधे एक मंद जागा दिसते. हा दोष पुढे त्रास देणार आहे, म्हणून दिवा विकत घेण्याआधीच सीडी खिशात असावी.

व्हेनेझुएलाचे कार्लोस क्रूझ-दिएझ (१९२३-२०१९) उलट्या वाटेने गेले: लाल, हिरवी, निळी अशा तीन खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या. एका खोलीत दोन मिनिटं थांबलं की तिचा रंग फिका पडतो, आणि पुढच्या खोलीचा उंबरठा ओलांडताना नवा रंग अंगावर येतो. हे डोळ्याच्या थकण्यावर उभं आहे. घरी याची सोपी आवृत्ती सावल्यांची. पांढऱ्या भिंतीपासून २ मीटरवर लाल, हिरवा, निळा असे तीन बल्ब ३० सेंटिमीटर अंतराने ठेवा आणि भिंतीपासून अर्ध्या मीटरवर हात धरा. शेजारच्या दोन दिव्यांच्या सावल्या १० सेंटिमीटर अंतरावर पडतात: लाल अडला तिथे आकाशी, हिरवा अडला तिथे गुलाबी-जांभळा, निळा अडला तिथे पिवळा. भिंत पांढरी न दिसता हिरवट दिसली तर हिरवा बल्ब जास्त होतोय. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे हिरवा अर्धा मीटर मागे न्यावाच लागतो. सावल्यांच्या कडा मऊ येतात त्या बल्बच्या आकारामुळे. ६ सेंटिमीटरचा गोळा असेल तर कड २ सेंटिमीटर विरते. पुठ्ठ्याला २ सेंटिमीटरचं भोक पाडून ते बल्बपुढे धरलं की कड कापल्यासारखी येते, उजेड मात्र बराच घटतो.

आजूबाजूच्या भिंती काळ्या हव्यात, नाहीतर रंग इकडून तिकडे उडतात. काळ्याचं टोक गाठायचं तर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा व्हँटाब्लॅक हा लेप आहे, पडलेल्या प्रकाशातला ९९.९६५ टक्के गिळणारा. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी २०१६मध्ये तो कलेत वापरण्याचे हक्क एकट्याकडे घेतल्याने चित्रकारांमध्ये मोठं भांडण झालं होतं. आपल्याला काळी मखमल पुरते, काळ्या रंगापेक्षा ती कधीही बरी.

तुषारांचा पडदा

एलियासन यांचंच १९९३चं ‘ब्यूटी’ हे काम: अंधाऱ्या खोलीत बारीक तुषारांचा पडदा आणि वरून एक तिरपा दिवा. तुषारात इंद्रधनुष्य दिसतं, पण शेजारी उभ्या दोघांना एकच इंद्रधनुष्य दिसत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळ्या थेंबांतून आलेला प्रकाश शिरतो. अट एकच. थेंबापाशी दिव्याची दिशा आणि डोळ्याची दिशा यांच्यात तांबड्यासाठी ४२ अंश, जांभळ्यासाठी ४० अंश कोन हवा.

मापं अशी धरा. आपण पडद्यापासून २ मीटरवर, दिवा आपल्याच बाजूला, पडद्यापासून ३ मीटरवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा २.७ मीटर वर. छत तेवढं उंच नसेल तर दिवा तेवढाच बाजूला न्यावा, कोन तोच राहतो आणि कमान आडवी पडते. दिव्याचं तोंड ३.५ सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. ४ मीटरवरून ते सूर्याएवढं, म्हणजे अर्ध्या अंशाचं दिसतं. एलईडीचा रुंद पॅनेल लावला की प्रत्येक टोकाचं वेगळं इंद्रधनुष्य एकमेकांवर पडतं आणि सगळं दुधाळ होतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती थेंबांत. बाजारात मिळणारा, पाण्याच्या भांड्यात सोडायचा अल्ट्रासॉनिक फॉगर स्वस्त आणि सोपा, पण त्याचे थेंब काही मायक्रोमीटरचे. एवढ्या लहान थेंबात प्रकाशाचं विवर्तन होऊन, म्हणजे तो पसरून, रंग एकमेकांत मिसळतात आणि हाती लागते पांढरट कमान. रंग हवेत तर थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठे हवेत. उसात, द्राक्षात फवारायचा पाठीवरचा बॅटरी पंप नेमका असे थेंब देतो. मात्र ज्यात कधी औषध भरलंय तो पंप धुऊनही वापरू नये, बघणारे लोक हे तुषार श्वासातून आत घेतात. त्याच कारणाने टाकीत पाणी साठवून फिरवत बसू नये, रोज ताजं भरावं. जड पाण्याने नोझलच्या भोकाशी क्षार बसतो आणि पडद्यात मधेच फट पडते. नोझल रात्री लिंबाच्या पाण्यात ठेवलं की सुटतं. मागे काळा पडदा आणि दिव्याची वायर पाण्यापासून लांब, हे सांगायला नको.

पांढऱ्या एलईडीने केलेल्या कमानीत हिरव्या-निळ्यामधला आकाशी पट्टा अशक्त येतो. तीच ती सीडीत दिसलेली मंद जागा. उन्हात, सूर्य ४२ अंशांच्या खाली असताना, हाच पंप अंगणात चालवला तर पट्टा पूर्ण येतो आणि वीजही लागत नाही.

सेलोटेपची चित्रं

आता ज्यात सामान सगळ्यात कमी आणि विज्ञान सगळ्यात जास्त, ते काम. अमेरिकेतल्या ऑस्टिन वुड-कोमारो १९६७ पासून ध्रुवीत प्रकाशाची चित्रं करत होत्या, या प्रकाराला त्यांनी ‘पोलाज’ म्हटलं. चित्राला रंग नसतो. पारदर्शक, बिनरंगी फिल्मचे तुकडे एकावर एक. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर स्वच्छ काच, आणि ध्रुवीकरणाच्या फिल्ममधून पाहिलं की मोर.

ध्रुवीकरणाची फिल्म प्रकाशाची एकाच दिशेतली थरथर पुढे सोडते. दोन फिल्म एकमेकींना काटकोनात धरल्या की अंधार. मधे पारदर्शक पॅकिंग टेप आणला तर गोष्ट बदलते. टेप कारखान्यात ताणलेला असतो, त्याचे रेणू एका दिशेला लागलेले असतात, म्हणून त्यात प्रकाशाचे दोन घटक होतात आणि एक दुसऱ्याच्या मागे पडतो. समजा तो ५५० नॅनोमीटर मागे पडला. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्यासाठी ही नेमकी एक पूर्ण लाट. दोन्ही घटक पुन्हा पहिल्यासारखे जुळतात, काहीच झालं नाही असं दुसऱ्या फिल्मपाशी पोचतात आणि अडतात. निळा आणि तांबडा मात्र अर्धवट जुळलेले असतात, त्यांचा बराच भाग निसटतो. डोळ्याला गुलाबी-जांभळा दिसतो. फिल्म ९० अंश फिरवली की हिशेब उलटतो: अडत होता तो हिरवा सुटतो.

हा मागे पडण्याचा विलंब जसा वाढेल तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी करडा, मग पांढरा, ३०० नॅनोमीटरच्या आसपास पिवळा, पुढे नारिंगी, ५५०ला जांभळट तांबडा, त्यानंतर निळा, ७५०च्या पुढे हिरवा, पुन्हा पिवळा. हजाराच्या पुढे फिके गुलाबी आणि हिरवे येतात, ते फारसे कामाचे नाहीत. फ्रेंच भूशास्त्रज्ञ मिशेल-लेव्ही यांनी १८८८मध्ये खनिजं ओळखण्यासाठी या क्रमाचा तक्ता केला, तो आजही वापरतात.

सेलोटेपच्या रोलवर विलंब छापलेला नसतो आणि दोन कंपन्यांचे टेप सारखे नसतात. म्हणून चित्राआधी जिना करायचा. फोटोफ्रेमची २० बाय २५ सेंटिमीटरची साधी काच घ्या. २ इंची टेपची २४ सेंटिमीटर लांब पट्टी लावा. तिच्यावर दुसरी ३ सेंटिमीटर मागून सुरू करून, तिसरी आणखी ३ सेंटिमीटर मागून, अशा आठ. प्रत्येक पायरीला थर एकाने वाढतो. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेत हव्यात, कारण आडव्यावर उभी पट्टी लावली तर दोघींचे विलंब एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन थरांचा रंग शून्य होतो. (चित्रात काळी रेघ हवी असेल तर हाच दोष कामी येतो.) काच दोन फिल्मच्या मधे ४५ अंशात धरून पायऱ्यांचे रंग वहीत लिहा, फिल्म ९० अंश फिरवून पूरक रंग शेजारच्या रकान्यात. ही वही म्हणजे रंगपेटी. रोल बदलला की वही नवी. रोलवर मळकट पांढरा दिसणारा, कागदावर लावल्यावर अदृश्य होणारा ‘मॅजिक’ जातीचा टेप घेऊ नये, त्यात विलंब जवळपास नसतोच.

फिल्म कुठून आणायची? सगळ्यात सोपं, एक फिल्म विकतच घेऊ नये. कॉम्प्युटरच्या एलसीडी स्क्रीनचा प्रकाश मुळात ध्रुवीत असतो. स्क्रीन पूर्ण पांढरी करा, पुढे टेपची काच आणि डोळ्यांपुढे पोलराइज्ड गॉगल किंवा फिल्मचा तुकडा. काही स्क्रीनमध्ये दिशा तिरपी, ४५ अंशांची असते, काहींत सरळ. काच फिरवून बघावी. मोबाइलवर बऱ्याचदा जमत नाही, कारण उन्हात गॉगल लावणाऱ्यांना दिसावं म्हणून स्क्रीनवर आणखी एक थर दिलेला असतो. मोठ्या कामासाठी फुटक्या मॉनिटरची फिल्म सोलता येते. काच फुटलेली असते म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा. केस वाळवायच्या यंत्राने कोपरा गरम करायचा आणि अगदी कमी कोनात, सावकाश ओढायची. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. थिनर किंवा ॲसिटोन लावलं की फिल्मचा वरचा थर विरघळून ती धुरकट होते. मॉनिटर जुना, आत बारीक ट्यूब असलेला असेल तर त्याच्या मागच्या भागाला हात लावू नये, त्या ट्यूबमध्ये पारा असतो.

चित्र कापण्याची सोपी रीत रेडियमच्या दुकानात मिळते. नंबरप्लेटवाले स्टिकर सोलून जो गुळगुळीत मागचा कागद टाकून देतात, तो मागून घ्यावा. टेपचे हवे तेवढे थर त्या कागदावर चढवायचे, पेन्सिलीने आकार काढून कात्रीने कापायचे, मग सोलून काचेवर लावायचे. काचेवरच थर चढवून ब्लेडने कापायला गेलं तर खालचा थरही कापतो आणि प्रत्येक कापावर पांढरी रेघ चमकते. हवेचे फुगे राहू नयेत म्हणून काचेवर साबणाचं फिकं पाणी मारून टेप बसवावा आणि प्लास्टिकच्या कार्डाने पाणी कडेला रेटावं, रेडियमवाले करतात तसंच.

बिघाड बहुतेक वेळा मधल्या वस्तूंमुळे होतो. दोन फिल्मच्या मधे दुधी शीट आली तर ध्रुवीकरण मोडतं आणि सगळं करडं दिसतं. दुधी शीट दिव्याच्या बाजूला, पहिल्या फिल्मच्या मागे. टफन (तापवून कडक केलेली) काच वापरली तर तिच्यातल्या ताणाचे डाग चित्रात उमटतात. गाडीच्या मागच्या काचेवर गॉगलमधून दिसणारे ठिपके हेच. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांना तापून ताण बसतो, तिथे रंगीत झालर येते. हा त्रास इंजिनिअरांना मात्र हवा असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हुक किंवा गिअर घडवणाऱ्याने त्याचा ॲक्रिलिकचा नमुना करून तो दोन फिल्मच्या मधे दाबला, तर झालरी जिथे दाटतात तिथे ताण साठतोय, म्हणजे भाग मोडला तर तिथून मोडेल, हे डोळ्यांनी दिसतं.

चित्र हलतं करायचं तर पुढची फिल्म गोल कापून संथ मोटरवर बसवावी. मायक्रोवेव्हच्या ताटाची ५-६ फेऱ्यांची मोटर भंगारात मिळते, पण फार वेगाची. मिनिटाला एक फेरी देणारी सिंक्रोनस मोटर घ्या आणि वायरिंग जाणत्याकडून करून घ्या. एका फेरीत काय घडतं हे आधी माहीत असावं: रंग, मग ४५ अंशांवर सगळं चित्र बिनरंगी होऊन पार्श्वभूमीत बुडतं, ९० अंशांवर पूरक रंगात वर येतं, पुन्हा बुडतं. मिनिटाला एक फेरी म्हणजे दर १५ सेकंदांनी चित्र नाहीसं. मोराचा पिसारा ४५ अंशांत आणि मान ३० अंशांत लावली, तर दोघं वेगवेगळ्या वेळी बुडतात. पिसारा विझतो आणि मान उरते. या कलेतला खरा हात इथे दिसतो, रंग निवडण्यात नाही. दिवा गरम होणारा नको, फिल्म उष्णतेने पिवळी पडते. आणि काच डोळ्याच्या उंचीला टांगावी. तिरप्या नजरेला टेपमधली वाट लांबते आणि रंग सरकतात, बाजूला उभ्या माणसाला निळ्याऐवजी हिरवट दिसतं.

दिव्याशिवाय बघायचं असेल तर संध्याकाळी जिना केलेली काच आणि फिल्मचा तुकडा घेऊन रंकाळा तलावावर जावं. मावळतीकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर. सूर्यापासून ९० अंशांवरचं ते आकाश हवेच्या रेणूंनी विखुरलेलं, म्हणून बरंच ध्रुवीत असतं आणि त्याची थरथर उभी असते. काच ४५ अंश तिरपी धरून उत्तरेच्या आकाशावर रोखा आणि डोळ्यापुढे फिल्म फिरवा. पायऱ्या रंगीत होतील, घरातल्यापेक्षा फिक्या. हवेत धुळकट थर असेल त्या दिवशी आणखी फिक्या. हीच फिल्म मधे धरून सूर्याकडे मात्र अजिबात बघू नये, ती उन्हाची गाळणी नाही.